पहिल्या खेपेला सर्वांत साधा बर्गर मागवावा

ताई, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. विजयनगर भागातील ज्या बर्गर-रेस्टॉरंटची सध्या इंदूरभर चर्चा आहे आणि ज्याच्या दारात संध्याकाळी रांग लागते, तेथे मुलांच्या आग्रहावरून आपले सर्व कुटुंब प्रथमच जाणार आहे. आपण स्वतः अशा ठिकाणी कधी जेवलेल्या नाहीत, सासूबाई अंडेही खात नाहीत, यजमानांना रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत आणि धाकट्या मुलाला चिकनच हवे आहे. काय मागवावे, नावाप्रमाणे पदार्थही चांगला आहे की नाही हे कसे ओळखावे, आणि आतले सामान ताजे असते का, हे तीन मुद्दे आपण विचारले आहेत. मी बरीच वर्षे बर्गर आणि फ्राईजच्या काउंटरमागे काम केले आहे आणि आता हेच काम नव्या मुलांना शिकवतो; त्यामुळे माझे उत्तर तव्याच्या बाजूने दिलेले असेल, हे आधी सांगून ठेवतो.

पहिल्या खेपेला त्या दुकानातील सर्वांत साधा आणि शक्यतो सर्वांत अधिक खपणारा बर्गर मागवावा, तो तेथेच बसून, हातात आल्यापासून पाच-सात मिनिटांत खावा, आणि दुहेरी पॅटी (पॅटी म्हणजे बनमधली भाजीची किंवा मांसाची टिक्की), वरून ओतलेले चीज, काळ्या रंगाचा बन असले प्रकार पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावेत. साध्या बर्गरमध्ये लपायला जागा नसते. बन, पॅटी, एखादा सॉस, कांदा-टोमॅटो आणि पाला (लेट्यूस) एवढाच ऐवज असला की बन कोरडा आहे की पॅटी फिकी आहे हे पहिल्याच घासाला कळते. उलट चार सॉस आणि वितळलेल्या चीजच्या थराखाली सुमार पॅटीही बिनबोभाट खपून जाते. ज्या दिवशी पॅटी मनासारखी जमलेली नसते, त्या दिवशी सॉसवरचा हात सैल सुटतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

आपण बर्गर कधी खाल्लेला नाही असे लिहिले आहे, पण छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीत ‘हॉट डॉग’ या नावाने मिळणारा गोल पाव किंवा अंड्याचा बेंजो इंदूरच्या बहुतेक घरांनी चाखलेला असतो. तव्यावर शेकलेला पाव, आत गरम टिक्की किंवा ऑम्लेट, चटणी आणि कांदा हा बर्गरचाच सांगाडा आहे. तेव्हा आपण अगदी अनोळखी गोष्टीला सामोऱ्या जात नाही आहात, आणि मोजमापासाठी एक ओळखीची चव आपल्याजवळ आहे. छप्पनवर मिळतो त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे देऊन जो बर्गर घ्यायचा, त्याचा पाव निदान तेवढा तरी नीट शेकलेला असावा, ही अपेक्षा रास्त आहे.

मेन्यूकडे पाहताना प्रथम त्याची लांबी पाहावी. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये आपले चालते दुकान बंद करून नव्याने उघडले, तेव्हा मेन्यू कापून अवघ्या नऊ जिनसांवर आणला होता. आजच्या बर्गरच्या दुकानांची सारी कामाची रीत, म्हणजे एकाने फक्त पॅटी भाजायची, दुसऱ्याने फक्त बन रचायचा, ही त्यांच्याच त्या स्वयंपाकघरातून आलेली आहे, आणि ती थोड्या जिनसांसाठीच बेतलेली आहे. जे रेस्टॉरंट बर्गरसाठी प्रसिद्ध असून पास्ता, मोमो, बिर्याणी आणि चायनीजही देते, त्याच्या शीतपेटीत कोणत्या तरी डब्याला नंबर उशिरा लागणारच. पंधरा-वीस बर्गर आणि थोड्या सोबतीच्या वस्तू एवढा मेन्यू असेल तर निश्चिंत व्हावे. त्यापेक्षा फार मोठा असेल तर ज्या पदार्थासाठी रांग लागते तोच मागवावा, इतर काही नाही.

रांग लागते याचा नेमका अर्थ काय, हेही सांगायला हवे, कारण प्रसिद्धीबद्दलचा आपला प्रश्न तेथेच सुटतो. गर्दी म्हणजे चव नव्हे. गर्दी म्हणजे सामान लवकर संपणे. बन आदल्या दिवशीचे उरत नाहीत, चिरलेला टोमॅटो तासन्‌तास पडून राहत नाही, तेलात सतत काही ना काही पडत असते. ताजेपणासाठी गर्दी हिताचीच आहे. मात्र ऐन गर्दीत तीच गर्दी चवीच्या मुळावर येते. तव्यावर एकदम बारा-पंधरा थंडगार पॅटी टाकल्या की तव्याची उष्णता खाली येते. मग पॅटी खरपूस भाजली जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजते आणि करडी, मऊ, बेचव होते. पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय तो तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येत नाही, आणि पाणी आटल्याशिवाय पृष्ठभाग शंभराच्या वर जात नाही. बन शेकण्याचा वेळही गर्दीत प्रथम कापला जातो. दुपारी चारच्या शुकशुकाटात उलटा प्रकार होतो: फ्राईज दिव्याखाली पडून असतात आणि आधी तळलेली पॅटी गरम कपाटात वाट पाहत असते. म्हणून दुपारी साडेबारा ते एक किंवा संध्याकाळी साडेसहा ते सात, म्हणजे वर्दळ सुरू झालेली आहे पण रांग दाराबाहेर गेलेली नाही, अशी वेळ धरावी. रविवारी रात्री साडेआठला पहिल्यांदा जाऊन कोणत्याही रेस्टॉरंटविषयी मत बनवू नये. आणि त्याच रात्री पुढे सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला मसालेदार कंद) खायला जायचा बेत असेल तर दोन्हींवर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शक्य असेल तर स्वयंपाकघर दिसेल अशा टेबलावर बसावे. आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पहिले येत आले आहे, पण रस्ता लख्ख असला म्हणून तवा लख्ख असतो असे नाही. दोन पॅटींच्या मध्ये तवा पत्र्याने खरवडला जातो का, कच्च्या पॅटीला लावलेला चिमटा भाजलेल्या पॅटीला लागतो का, आणि हातमोजे घातलेला माणूस त्याच हाताने पैसे किंवा मोबाईल घेतो का, एवढे पाहिले तरी पुरे. हातमोज्यांना लोक फार मान देतात. न बदललेला हातमोजा उघड्या, धुतलेल्या हातापेक्षा वाईट असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक दर्शनी भागात आणि बिलावर असणे बंधनकारक आहे. तो नसेल तर बाकीची तपासणी करत बसण्याची गरज नाही.

आता बर्गर समोर आला, असे धरून चालू. वरचा अर्धा बन अलगद उचलून त्याची कापलेली बाजू पाहावी, यात काही अशिष्ट नाही. ती कडेपासून मध्यापर्यंत सारखी सोनेरी असायला हवी. कडेला नुसती रेघ आणि मध्ये पांढरा भाग म्हणजे बन घाईत तव्यावर टेकवून उचललेला आहे. हे शेकणे दिखाव्यासाठी नसते. कापलेल्या बाजूवर जो पातळ, किंचित कडक थर तयार होतो, तो सॉस आणि पॅटीचा रस बनमध्ये मुरण्यापासून काही मिनिटे अडवतो. तो थर नसेल तर तिसऱ्या घासाला खालचा बन लगदा होऊन हाताला चिकटतो. मग खालचा बन बोटाने हलकेच दाबावा. तो पुन्हा वर उचलला गेला तर ताजा आहे. दाबलेला खड्डा तसाच राहिला किंवा कडेने चुरा पडला तर तो शिळा आहे किंवा शीतपेटीत ठेवलेला आहे. पाव शीतपेटीत लवकर शिळा होतो, बाहेर ठेवला तर उशिरा, ही गोष्ट अजून पुष्कळ दुकानदारांना पटत नाही.

रचनेचाही एक हिशेब असतो. खालच्या बनवर सॉसचा पातळ थर, त्यावर पाला किंवा थेट पॅटी, चीज असेल तर पॅटी तव्यावर असतानाच तिच्यावर टाकलेले, आणि टोमॅटोचे पाणी बनला न लागेल अशा बेताने मध्ये. टोमॅटो थेट खालच्या बनवर असेल तर रचणारा नवखा आहे असे समजावे. पाला मलूल किंवा कडेने तपकिरी असेल तर काढून ठेवावा. पावसाळ्यात मी स्वतः अनोळखी ठिकाणी कच्चा पाला वगळायलाच सांगतो, कारण तो कशा पाण्यात आणि किती वेळा धुतला आहे हे टेबलावरून कळत नाही. टोमॅटोबद्दल मी तेवढा कडक नाही.

पॅटीच्या ताजेपणाची शंका बहुतेकांना येते, आणि येथे थोडे सविस्तर लिहितो. साखळी-रेस्टॉरंटांतील भाजीची टिक्की ही बहुधा कारखान्यात तयार होऊन, उणे १८ अंशांवर गोठवून येते आणि गोठलेलीच, साधारण १७५ ते १८० अंशांच्या तेलात सोडली जाते. गोठवलेली म्हणजे शिळी नव्हे. नीट गोठवलेली टिक्की चवीला दररोज एकसारखी लागते, हाच तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा. बिघाड होतो तो ती वाटेत कोठे तरी वितळून पुन्हा गोठली तर. अशी टिक्की मोडली की बाहेरचा चुऱ्याचा पापुद्रा आतल्या सारणापासून सुटलेला दिसतो, मध्ये पोकळी असते आणि सारण पाणचट लागते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. स्थानिक रेस्टॉरंटे टिक्की जागेवर करतात, आणि तेथे सगळा खेळ बटाट्याचा असतो. थंड गोदामात फार दिवस राहिलेल्या बटाट्यातील पिष्टाची साखर होत जाते. तो तळला की आत शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतो आणि चव किंचित गोड लागते. मालव्याच्या बटाट्यात साखर कमी असते म्हणून चिप्सवाले तो मागतात, हे आपण ऐकले असेलच. हिवाळ्याच्या अखेरीस नवा बटाटा येतो तेव्हा त्यात पाणी जास्त असते, टिक्की तेलात फुटते, आणि मग स्वयंपाकी ब्रेडचा चुरा वाढवतो. त्या दिवसांत टिक्की पीठाळ लागली तर नवल नाही. हाताने केलेली टिक्की चांगल्या दिवशी कारखान्यातल्या टिक्कीला सहज मागे टाकते आणि वाईट दिवशी तिच्या जवळपासही जात नाही. आपण विचारलेले रेस्टॉरंट स्थानिक असेल तर काउंटरवर सरळ विचारावे, “भिया, टिक्की यहीं बनती है क्या?” उत्तर काय मिळते यापेक्षा किती चटकन मिळते याकडे लक्ष द्यावे.

धाकट्या मुलाच्या चिकनबद्दल एकच प्रश्न विचारायचा आहे: आत अखंड मांसाचा तुकडा आहे की खिम्याची पॅटी? मेन्यूवर दोन्हींना चिकन बर्गरच म्हणतात. अखंड तुकडा, विशेषतः मांडीचा, रसाळ राहतो आणि आपण काय खातो आहोत ते दिसते. खिम्याच्या पॅटीत काय आणि किती मिसळले आहे हे दिसत नाही, आणि तिला शिजवताना अधिक काळजी लागते. कारण अखंड मांसावरचे जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात, तर खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळले जातात. कोंबडीच्या मांसाचा मध्यभाग ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे, हा सर्वमान्य दंडक आहे. ग्राहकाजवळ थर्मामीटर नसतो, पण पॅटी मध्यावर मोडून पाहता येते: आतून वाफ निघाली पाहिजे, मध्य चिकट किंवा कच्च्या पिठासारखा लागता कामा नये. मध्य कोमट असेल तर संकोच न करता परत द्यावी. नुसत्या रंगावर विसंबू नये. नीट शिजलेले चिकनही कधी कधी किंचित गुलाबी दिसते आणि मसाल्याने रंगलेले कच्चे चिकन शिजलेले भासते.

सासूबाईंचा प्रश्न मला या सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे चूक झाली तर ती चवीपुरती राहत नाही. टिक्की शाकाहारी असली म्हणजे बर्गर शाकाहारी झाला, असे नाही. सर्वांत आधी बन पाहावा. सध्या ज्याची चलती आहे त्या चकचकीत, गडद ब्रिओश बनच्या मूळ कृतीतच अंडे आणि लोणी असते, आणि वरची चकाकीही पुष्कळदा अंड्याच्या लेपाने आणलेली असते. आपल्याकडे बिनअंड्याचा ब्रिओश सर्रास मिळतो, पण कोणता वापरला आहे हे विचारल्याशिवाय कळणार नाही. दुसरा मुद्दा मेयोनीजचा. ते मुळात अंड्याच्या बलकात तेल घोटून करतात. भारतात दुधाच्या किंवा सोयाबीनच्या प्रथिनांवर केलेले बिनअंड्याचे मेयोनीज अधिक खपते, तरीही नव्या धाटणीच्या, ‘आम्ही सॉस घरीच करतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या रेस्टॉरंटांत अंड्याचे असण्याची शक्यता वाढते. तिसरा मुद्दा तेल आणि तवा: चिकन तळलेल्या तेलातच फ्राईज आणि टिक्की तळतात का? मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आले ते गोमांस आणि डुकराचे मांस वगळूनच, आणि स्वयंपाकघरात शाकाहारी व मांसाहारी कामाची जागा, भांडी आणि माणसे वेगळी ठेवण्याची शिस्त त्यांनी येथे रुजवली. मोठ्या साखळ्यांत ती बहुधा पाळली जाते. लहान रेस्टॉरंटांत मात्र एकच कढई आणि एकच तवा असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि मालक ते लपवतोच असेही नाही. कोणी विचारतच नाही, एवढेच.

हे तीनही प्रश्न मागणी नोंदवण्यापूर्वी विचारावेत, आणि ऑर्डर घेणाऱ्या मुलाला माहीत नसेल तर आतल्या प्रमुखाला बोलावण्यास सांगावे. “वेजच आहे हो” एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. सासूबाई कांदे-नवमीनंतर चातुर्मासात कांदा-लसूण सोडत असतील तर मामला आणखी अवघड होतो. वरून कांदा काढता येतो, पण टिक्कीच्या मसाल्यात आणि जवळजवळ प्रत्येक सॉसमध्ये लसणाची किंवा कांद्याची पूड असते. जैन बर्गर मिळत असेल तर तो मागवावा, त्याची टिक्की बहुधा कच्च्या केळ्याची किंवा पनीरची असते. तोही नसेल, तर त्यांच्यासाठी घरूनच काही तरी खाऊन निघणे आणि तेथे नुसता मिल्कशेक घेणे हे मी अधिक पसंत करीन. चार माणसांत त्यांना पुनःपुन्हा चौकशी करायला लागणे बरे दिसत नाही.

यजमानांच्या बाबतीत पथ्य त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेले असेल, ते मी बदलणार नाही. कोणत्या गोष्टीत काय दडलेले असते एवढे सांगतो. रक्तदाबासाठी धोका एका जागी नसतो, तो थोडा थोडा सगळीकडे असतो: बनमध्ये मीठ, पॅटीत मीठ, सॉसमध्ये मीठ, लोणचवलेल्या काकडीत मीठ, आणि चीजच्या चौकोनी कापात तर मीठ आणि शिवाय ते एकसारखे वितळावे म्हणून घातलेले सोडियमचे क्षार. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. चीज बर्गर आणि मोठ्या फ्राईजमध्ये त्यातला बराच हिस्सा एका बैठकीत उरकतो. तेव्हा त्यांनी चीज आणि लोणचवलेली काकडी वगळावी, सॉस बाजूला मागावा आणि फ्राईज बिनमिठाच्या सांगाव्यात. मधुमेहाच्या दृष्टीने बर्गरपेक्षा शीतपेय अधिक घातक आहे: ३०० मिलिलिटरच्या साध्या गोड शीतपेयात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. पाणी मागवावे. ज्या रेस्टॉरंटांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत, त्यांना मेन्यूवर प्रत्येक पदार्थापुढे उष्मांक छापणे बंधनकारक आहे. तो आकडा वाचताना तो फक्त बर्गरचा आहे की फ्राईज आणि पेयासह पूर्ण मीलचा, हे अवश्य पाहावे.

फ्राईजविषयी फार लिहीत नाही, पण तेलाची परीक्षा त्यांच्यावरच होते. नियमानुसार तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुनःपुन्हा तापून बिघडल्याने तयार होणारे घटक) २५ टक्क्यांपर्यंत वाढली की ते तेल टाकून द्यावे लागते. ती मोजण्याचे यंत्र स्वयंपाकघरात असते. टेबलावर आपल्याजवळ नाक आणि घसा आहे. फ्राईज बाहेरून लवकर गडद आणि आतून ओल्या असणे, तोंडात आधी मासळीसारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास येणे, आणि गिळल्यावर घशात खवखव राहणे ही थकलेल्या तेलाची लक्षणे आहेत. तसे जाणवले तर टिक्की आणि चिकनही त्याच तेलातून आले आहे, हे लक्षात घ्यावे.

छायाचित्रातल्या बर्गरशी समोरच्या बर्गरची तुलना करू नये. छायाचित्रासाठी सारे सामान कॅमेऱ्याच्या बाजूला ओढून रचलेले असते आणि ते गरम असण्याची गरज नसते. उंचीही फसवी असते. काडी खोचून उभा केलेला वीतभर उंच बर्गर ताटात छान दिसतो, पण तो माणसाच्या तोंडात मावत नाही, आणि खाताना त्याचे चार पदार्थ होऊन ताटलीत पसरतात; मला तो प्रकार पटत नाही. बर्गर कागदात अर्धा गुंडाळलेलाच ठेवून, दोन्ही हातांचे अंगठे खाली आणि बोटे वर अशा रीतीने धरून, हलके दाबून खावा. सासूबाईंना कवळी असेल तर दातेरी सुरी मागून घ्यावी आणि बर्गरचे चार भाग करावेत. साधी सुरी दाबून चालवली तर बन चेपतो आणि सारण मागून बाहेर येते. काट्याने खाल्ला तरी कोणी काही म्हणत नाही.

मागणी नोंदवताना “मील करून देऊ का, चीज वाढवू का” असे दोन-तीन प्रश्न येतीलच. धंद्यात खरा नफा पेय आणि फ्राईजवर असतो, म्हणून ते सुचवण्याचे शिक्षण मुलांना दिलेले असते. त्यांच्यावर रागावू नये, पण आपल्या पाच जणांत दोन मोठ्या फ्राईज पुरेशा होतात आणि पाचही मील घेण्याचे कारण नाही. बिलात जीएसटी बहुधा पाच टक्के असतो. सेवाशुल्क वेगळे लावलेले असेल तर ते ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार ते आपोआप बिलात चढवता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. नम्रपणे काढायला सांगितले की बहुधा काढतात.

इंटरनेटवरचे अभिप्राय वाचायचेच असतील तर सरासरी ताऱ्यांकडे न पाहता गेल्या महिन्याभरातील कमी तारे दिलेले अभिप्राय वाचावेत. “उशीर झाला” ही तक्रार गर्दीची आहे, ती सोडून द्यावी. “थंड होता”, “आतून कच्चा होता”, “वेज मागितला आणि चिकन आला” यांपैकी एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर बेत बदलावा. घरपोच मागवलेल्या बर्गरवरून दिलेले मत मी मोजतच नाही, कारण बंद डब्यात वाफ कोंडून बन ओला होतो आणि दहा-पंधरा मिनिटांत शेकल्याचा सगळा उपयोग संपतो.

घरी राहिलेल्या कोणासाठी एखादा बर्गर बांधून न्यायचा असेल तर सॉस, पाला आणि टोमॅटो वेगळे द्यायला सांगावे, आणि डब्याचे झाकण घट्ट न लावता कागदाच्या पिशवीत उघडाच आणावा. घरी आल्यावर बन कापलेल्या बाजूने कोरड्या तव्यावर मिनिटभर शेकावा, पॅटी त्याच तव्यावर झाकण न ठेवता दोन्ही बाजूंनी नीट कढत होईपर्यंत गरम करावी आणि मगच बर्गर रचावा. चिकनचा असेल आणि दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिला असेल, तर तो खाऊ नये. फ्राईज मात्र बांधून आणूच नयेत.